आत्याचा उजवा डोळा

सौंदडला आमचं शेत रेल्वे लाइनीच्या पलीकडे, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला लागून होतं. धानाच्या लोंबीत दूध भरायला लागलं की वीसेक दिवस शेत एकटं सोडायचं नसे. राघूंचे थवे यायचे, आणि एक थवा बसून उठला की तेवढ्या तुकड्यात दाणे जाऊन नुसतं तणीस उभं राहायचं. त्यांना हाकलायचं काम शेवंताआत्याचं होतं. ही बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दीड वर्षात ती नवऱ्याचं घर सोडून आली आणि आमच्याकडेच राहिली. का आली, हे घरात कोणी काढत नसे. आत्याही सांगत नसे. ती सकाळी उठून सडा टाकायची, रात्रीच्या भातात पाणी आणि मीठ घालून कांद्याबरोबर खायची, आणि ओच्यात वाळलेले मातीचे गोटे बांधून गोफण खांद्यावर टाकून शेतात जायची. तिच्या गोफणीचा आवाज लाइनीच्या अलीकडे आमच्या अंगणात ऐकू यायचा. आधी दोन गरके, मग वेताची छडी ओढावी तसा सणका.

आत्याचा गोटा कधी राघूला लागला नाही. थवा ज्या पळसावर बसला असेल त्याच्या नेमक्या फांदीवर तो लागायचा. ‘राघू मारायचा नसते वं,’ ती मला म्हणायची, ‘त्याले लाज वाटवायची असते.’ बाबा चारचौघांत सांगायचे की आमचं धान घरात येते ते शेवंतीच्या हातामुळे. ते असं म्हणाले की आत्या पदर सावरून ताठ बसायची. माहेरी परत आलेल्या बाईला घरात कशाच्या जोरावर बसता येतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतं. तिचा जोर त्या उजव्या हातात आणि उजव्या डोळ्यात होता.

माझा जोर वहीत होता. मी अकरावीत होते, सायन्सला. गोंद्याला, म्हणजे गोंदियाला, पुस्तकं घ्यायला गेले असताना रद्दीच्या दुकानात मला छंदवाल्यांची इंग्रजी मासिकं मिळाली. परदेशातली माणसं सुट्टीच्या दिवशी घरामागे काय काय बनवतात, त्याचे नकाशे त्यात होते. त्यातल्या दोन-तीन अंकांत नळीतून वस्तू लांब फेकणारी साधनं होती. काही दाबलेल्या हवेवर चालणारी, काही आतल्या जाळावर. मी शब्दकोश घेऊन ते लेख वाचले, आलेखाच्या कागदावर नकाशे उतरवले, मापं आपल्याकडे मिळणाऱ्या पाइपांप्रमाणे बदलली. ती मापं, ते सामान मी इथे लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे. मला ते आजही कागद न बघता काढता येईल.

पहिली नळी हवेची होती. सायकलचा पंप, बोअरच्या कामातून उरलेला पाइप, आणि पुढून मातीची गोळी. ती ‘फट्’ करायची आणि गोळी बांध ओलांडून जायची. बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी शेजारच्या शेतातल्या काकांना बोलावून आणलं. काका नळी उलटसुलट करून बघत म्हणाले, ‘शेवंते, तुले तं पेन्शन लागली वं आता!’

‘लागू द्या,’ आत्या म्हणाली. ‘तुमच्या शेतातही लावून घ्या. तुमच्या राघूची हगवण आमच्या बोडीत येते.’

सगळे हसले. बाबा त्या दिवशी घरी येऊन मायला म्हणाले, ‘पोट्टी इंजिनेर हाय. इले गोंद्याले शिकवतो मी.’ माय चुलीपुढे लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती. तिने एक वडा माझ्या हातावर ठेवला. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी मुलगी दहावीच्या पुढे शिकली नव्हती. बाबांच्या त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं होतं, आणि ते वाक्य त्या नळीवर उभं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच चार दिवसांत राघू त्या फट्-ला सरावले आणि पुन्हा खुशाल लोंबीवर बसायला लागले, तेव्हा मी घाबरले. बाबा काही म्हणाले नव्हते. पण मी वही काढली आणि दुसरा नकाशा हाती घेतला, जाळावरचा. त्याचा आवाज मोठा होतो असं मासिकात लिहिलं होतं.

त्या लेखात लाल चौकटीत चार सूचना होत्या. मी त्या वहीत लाल पेनने, इंग्रजीतच उतरवल्या होत्या. नळीच्या तोंडासमोर कधीही उभं राहू नये. बार उडाला नाही तर जवळ जाऊ नये, बराच वेळ वाट बघावी. बाकीच्या दोन मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही. या दोन मला पाठ होत्या. मी त्या पाळतही होते. आत्याला मात्र मी त्या सांगितल्या नाहीत. तिला वाचता येत नव्हतं, आणि सांगायला बसलं की ती दहा प्रश्न विचारायची, असं मला वाटलं. तिने खरं तर एकच प्रश्न विचारला होता.

‘येवढं लांब कायचं नळकांडं हाय हे?’

‘तुही फुंकणीच समज,’ मी म्हटलं. ‘फक्त मोठी.’

फुंकणी आमच्याकडे प्रत्येक चुलीपाशी असते. लोखंडाची पोकळ नळी. लाकूड ओलं असलं, जाळ बसला, की बाई खाली वाकते, नळीला तोंड लावते आणि फुंकते. आत्याने लहानपणापासून रोज दोनदा हे केलं होतं. नळीतला जाळ बसला तर बाई काय करेल, याचं उत्तर मी स्वतःच तिच्या हातात दिलं होतं. आज मी वर्कशॉप शिकवते. पहिल्या तासाला पोरांना मशीन दाखवायच्या आधी एकच विचारते की हे बंद पडलं तर तुमचं तोंड कुठे असेल. पोरं हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नाही.

तीन दिवस नळी छान चालली. आवाज इतका मोठा की लाइनीवरचे गँगमन वळून बघायचे. राघू पळसावर थांबेनासे झाले. आत्यालाही मजा वाटायला लागली होती. पेटवायचं कसं ते मी तिला दाखवलं होतं, आणि तिचा हात कोणत्याही कामात लगेच बसायचा. गोफण माचाच्या खांबाला टांगून ठेवलेली असायची. चौथ्या दिवशी दुपारी मी माचावर बसले होते. माच म्हणजे राखणीसाठी चार खांबांवर बांधलेला लाकडी ओटा, वर तणसाचं छप्पर. मायने दिलेला डबा खाऊन झाला होता, भात आणि सुकट घातलेली वांग्याची भाजी. हाताला त्याचा वास येत होता, म्हणून मी मासिकाची पानं कोपऱ्याला धरून उलटत होते. त्यात मला तिसऱ्या, आणखी मोठ्या नळीचा विचार सुचला होता. खाली आत्या होती. राघू आले. आत्याने पेटवलं. बार झाला नाही.

‘वंदे, हे बोलत नाही वं.’

‘थांब, येते,’ मी म्हटलं आणि पान उलटलं.

मी ‘थांब’ म्हटलं. ‘दूर हो’ म्हटलं नाही. पान पूर्ण वाचायला किती वेळ लागतो? मिनिटभर असेल. तेवढ्यात राघू लोंबीवर उतरले असणार, आणि आत्याला ते बघवलं नसणार. ती वाकली आणि तिने फुंकलं. हे मी पाहिलं नाही. नंतर तिच्या ओठांच्या कडेला नळीच्या तोंडाचा अर्धगोल उमटलेला दिसला, त्यावरून मला कळलं.

आवाज नेहमीसारखाच झाला. नंतर आत्याचा आवाज आला नाही, म्हणून मी खाली बघितलं. ती बांधावर बसली होती, पदराने तोंड झाकून, जसं ऊन लागल्यावर बायका बसतात तसं. मी उतरले. पदर काढायला ती तयार नव्हती. ‘पाहू नको,’ ती म्हणाली. ‘तू लहान हाय.’

बाबा बोडीच्या पाळीवरून धावत आले. त्यांनी पदर काढला, बघितलं आणि परत टाकला. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अजून ठरलेलं नव्हतं काही. राग कुणावर करायचा ते ते माझ्याकडून ऐकायला थांबले होते.

‘कसं झालं?’

‘मी नको म्हटली होती,’ मी म्हटलं. ‘हात लावू नको म्हटली होती.’

इतकं सोपं होतं ते. आत्या तिथेच, हातभर अंतरावर होती. तिने ऐकलं. मला वाटलं आता ती बोलेल. ती बोलली, पदराआडून.

‘हो भाऊ. पोट्टीनं सांगतली होती. मीच ऐकली नाही.’

जीप मिळेपर्यंत तास गेला. गोंद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, नागपूरच्या डॉक्टरांनी उजवा डोळा काढून टाकला. डावा वाचला. भाजलेलं महिनाभरात भरून आलं. मी तो महिना अभ्यास केला. पुस्तक उघडून बसलं की कोणी काही विचारत नाही, हे मला कळलं होतं. नळी बाबांनी कुऱ्हाडीने फोडली, वही मात्र मला परत दिली. ‘तुही चूक नाही,’ ते म्हणाले. ‘तू सांगतलीच होती.’

आत्या घरी आली तेव्हा धान कापून झालं होतं. पुढच्या हंगामात ती पुन्हा राखणीला गेली. गोटा पळसाला लागत नव्हता. एका डोळ्याला अंतर कळत नाही. ती रोज जायची, रोज चुकायची, आणि राघूंनी तिला ओळखलं. सणका ऐकू आला तरी ते उठत नसत. बाबा खळ्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अर्ध्या डोळ्याची राखण, अर्धं धान राघूचं.’ मजूर हसले. आत्याही हसली. नंतर घरात काही सांडलं, फुटलं, करपलं की बाबा म्हणायचे, ‘इच्या हाती देऊ नका. इले सांगतलेलं समजत नाही.’ आणि एकदा जेवताना, तिने भाजीत मीठ दुसऱ्यांदा टाकलं तेव्हा, ते म्हणाले, ‘कोणाचं ऐकत नाही, म्हून तं नवऱ्यानं टाकली.’

त्यांनी हे आधी कधीच म्हटलं नव्हतं. पंधरा वर्षं ती घरात होती, कधीच नाही. माझ्या एका वाक्याने त्यांना तिच्याबद्दल एक कारण मिळालं होतं, आणि ते कारण त्यांनी मागेपर्यंत नेऊन लावलं. मी समोर बसले होते. मी ताटातला भात संपवला आणि ताट घासायला नेलं.

त्याच वर्षी आत्या घर सोडून गेली. गोंद्याजवळ फुलचूरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती. ‘जाऊ दे तिले,’ बाबा म्हणाले. मायने पाच पायली तांदूळ बांधून दिले. गोफण आत्याने नेली नाही.

मला तंत्रनिकेतनात सीट मिळाली आणि मी गोंद्याला आले. रविवारी मी आत्याच्या खोलीवर जेवायला जायची. एका खिडकीची खोली, पलीकडे राइस मिल. दिवसभर भुशाचा वास आणि पट्ट्याचा घरघर आवाज. वसतिगृहातल्या मुली तिला ‘मौसी’ म्हणायच्या, हिंदीतच बोलायच्या, आणि ती त्यांना आपल्या बोलीत उत्तर द्यायची. दोन्हीकडचं काही अडत नसे. पहिल्या वर्षाच्या शेवटी एका रविवारी ती वडे तळत होती आणि मी एकदम म्हटलं, ‘आत्या, मी बाबाले खरं सांगते.’

‘कोणतं खरं?’

‘मी तुले नको म्हटली नव्हती, ते.’

‘मले का सांगून राहिली? तिथं मीच होती.’ तिने वडा उलटला.

‘मंग तू हो काऊन म्हटलीस?’

‘तुहा बाप तुह्या तोंडाकडे पाहून राहिला होता. मले पदरातून एका डोळ्यानं दिसत होतं ना. म्हटलं, डोळा तं गेला, आता पोट्टीची शाळा कायले घालवू.’

‘मी आता सांगते.’

‘आता सांगून का होते? सीट जाईल तुही. डोळा का वापस येते?’ मग तिने झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. ‘सांगायचं होतं तं तवाच सांगायचं, वंदे. आता खा.’

मी खाल्लं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला हवं. तिने मला माफ केलं म्हणून नव्हे, तिने तसं काही म्हटलंच नव्हतं. आता सांगावं लागणार नाही म्हणून. ‘सहा झाले,’ ती म्हणाली, ‘आणखी देऊ का?’ तेव्हा मला कळलं की मी सहा वडे खाल्ले होते.

पुढे नोकरी लागली. मग सीट जाण्याची सबब उरली नाही. लग्न झालं, मुलं झाली, तरी मी गप्प राहिले. दरवर्षी धान दुधात आलं की वाटायचं या वर्षी सांगू, आणि कापणी झाली की वाटायचं आता पुढच्या वर्षी. मी कामाची माणूस आहे. बिल भरायचं असलं तर शेवटच्या तारखेची वाट बघत नाही, मुलाचा ताप दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही. या एका गोष्टीत मात्र मी आळशी माणसासारखी वागले. त्याला भीती म्हणावं असंही मला वाटत नाही. मला कोणी काय करणार होतं? बाबांच्या डोळ्यांत मी जी होते, ती मला सोडवत नव्हती.

आत्या गेली ती साध्या तापाने, चार दिवसांत. तोवर माय जाऊन काही वर्षं झाली होती आणि बाबा माझ्याकडे राहायला आले होते. सौंदडला नेऊन सगळं केलं. मातीहून परतताना बाबा एका नातेवाइकाला म्हणाले, ‘लय हट्टी होती. पोट्टीचं एक ऐकली असती, तं जिंदगी अशी नसती गेली.’ नातेवाइकाने मान हलवली. त्याने पुढे हे आणखी कोणाला तरी सांगितलं असेल. आत्याचं जे काही मागे राहिलं होतं, ते एवढंच होतं, आणि ते मी तयार केलेलं होतं.

महिन्याभराने, दुपारी जेवताना, मी त्यांना सांगितलं. फुंकणीपासून ‘थांब, येते’पर्यंत, आणि त्यानंतरचं वाक्य. काही सजवलं नाही. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

‘तिले माहीत होतं, तू खोटं बोलून राहिली म्हून?’

‘हो.’

‘अन् मायले?’

‘नाही.’

त्यांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलत होते, पण गॅसच्या सिलिंडरबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल. माझ्या हातचा चहा घेत होते. माझ्या नवऱ्याने विचारलं की काय झालं, तर म्हणाले, ‘काही नाही, बापलेकीचं हाय.’ नवव्या दिवशी दुपारी ते गॅलरीत बसले होते. त्यांनी मला हाक मारली आणि समोरची खुर्ची दाखवली.

‘वंदू, मी तिले काय काय म्हटलो, ते तुले आठवते?’

‘आठवते, बाबा.’

‘मले समदं नाही आठवत. सांग.’

मी सांगायला लागले. नागपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हटलेलं. खळ्यावरचं अर्ध्या डोळ्याचं. दूध उतू गेलं तेव्हाचं, दिवाळीला पाहुणे आले होते तेव्हाचं, तिने फुलचूरहून मला नवा स्वेटर पाठवला होता त्या दिवशीचं. प्रत्येक वाक्यानंतर ते मान हलवत होते, हिशोब जुळल्यावर हलवतात तशी नव्हे, तर कोणी आपलं नाव पुकारल्यावर माणूस हलवतो तशी. एक मी ठेवून दिलं होतं. ते त्यांना कळलं.

‘एक राहिलं,’ ते म्हणाले. ‘मले ते आठवते. तरी तू म्हण.’

मी ‘म्हून तं नवऱ्यानं टाकली’ ते वाक्य म्हटलं, त्यांच्याच शब्दांत. ते समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायला लागले. मला वाटलं झालं. मी उठायला लागले.

‘बस,’ ते म्हणाले. ‘माहं झालं. आता तुहं सांग. तू जे म्हटलीस, तेच म्हण.’

त्या दिवशी बांधावर ते वाक्य तोंडातून निघायला मला क्षणही लागला नव्हता. गॅलरीत बाबांना ‘म्हण ना’ असं दोनदा म्हणावं लागलं.